स्पेंट एमडीसीतून पुन्हा एमडीसी: चिंचोळीच्या उन्हात बसलेली पद्धत

मे महिन्यातली दुपार. स्टोअरचा पोरगा पळत आला, "साहेब, ड्रम फुगलेत. चार." जाऊन बघतो तर पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या ड्रमची झाकणं टम्म वर आलेली. बाहेर ४३ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. ड्रमवर खडूनं लिहिलेलं: स्पेंट एमडीसी.

स्पेंट म्हणजे वापरून झालेलं, आणि एमडीसी म्हणजे मिथिलीन डायक्लोराईड. औषधी कारखान्यांत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं क्लोरीनवालं सॉल्व्हंट (द्रावक). पुस्तकात त्याचा उत्कलनबिंदू ४० अंश. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर आहे, इथं हवेचा दाब ७२० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, त्यामुळे आपल्याकडे ते ३८ लाच उकळतं. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एमडीसी उकळायला बॉयलर लागत नाही, ऊन पुरतं. मुंबई-गुजरातच्या मॅन्युअलमधली पद्धत इथं जशीच्या तशी का चालत नाही, ते या एका आकड्यात आलं.

फुगलेला ड्रम उघडायला जाऊ नका. सावलीत न्या, वरून ओली पोती टाका, पाणी मारत राहा आणि रात्रभर सोडा. पहाटे, गार असताना, तोंड बाजूला ठेवून छोटं बूच अर्धा आटा सैल करा. फुस्स आवाज थांबला की पुढचा अर्धा आटा.

हा लेख छोट्या-मध्यम युनिटच्या मालकांसाठी आणि रिकव्हरी प्लांटवर (जिथं वापरलेलं सॉल्व्हंट शुद्ध करून परत मिळवतात) नव्यानं आलेल्या केमिस्ट पोरांसाठी आहे. मुख्य उदाहरण एमडीसीचं घेतलंय, कारण आपल्याकडे तेच जास्त. क्लोरोफॉर्म, ईडीसी (इथिलीन डायक्लोराईड), मोनोक्लोरोबेंझीन आणि हायड्रोक्लोरिक वायू यांचं वेगळेपण त्या-त्या जागी सांगतो. आधी एक गोष्ट स्पष्ट: हे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात आणि धोकादायक कचऱ्याच्या अधिकारपत्रात 'इन-हाऊस रिकव्हरी' म्हणून लिहिलेलं असेल तरच करायचं. नसेल तर स्पेंट सॉल्व्हंट अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं. शेतातल्या शेडमध्ये ड्रमखाली जाळ लावून 'सॉल्व्हंट काढणारे' मी पाहिलेत. ते या लेखाचे वाचक नव्हेत.

पायरी १: ड्रम वेगळे ठेवा

रिकव्हरीचा निम्मा नफा-तोटा कॉलमपर्यंत (उकळून वाफा वेगळ्या करायच्या उभ्या नळकांड्यापर्यंत) माल पोचायच्या आधीच ठरलेला असतो. रिअॅक्टरच्या तळातून सॉल्व्हंट निघालं त्या क्षणी ते कुठल्या ड्रममध्ये पडलं, एवढ्यावर.

'मिक्स सॉल्व्हंट' हा शब्द आमच्या प्लांटमध्ये मी बंद केलाय. कसा शिकलो ते सांगतो, चूक माझीच होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्रपाळीत ड्रम कमी पडले, म्हणून क्लोरोफॉर्मच्या मदर लिकरमध्ये (प्रॉडक्ट गाळून घेतल्यावर उरलेल्या द्रावणात) अॅसिटोनचं धुवण टाकायला मीच सांगितलं. "अॅसिटोन ५६ ला उकळतं, क्लोरोफॉर्म ६१ ला, काढू की सकाळी वेगळं." सकाळी कॉलम चालू केला. थोडं अॅसिटोन वर आलं आणि मग वरचं तापमान दोघांच्याही उत्कलनबिंदूच्या वर जाऊन अडकलं. रिफ्लक्स (वर आलेल्यापैकी परत खाली सोडायचा भाग) वाढवला, कमी केला, दोन दिवस घातले. दोघं एकमेकांना धरून बसतात. त्यांचा अॅझिओट्रोप (एकाच तापमानाला एकत्र उकळणारं ठरावीक प्रमाणाचं मिश्रण) ६४ अंशाच्या आसपास उकळतो, दोघांपेक्षा जास्त, आणि साध्या कॉलमनं तो फुटत नाही. आणि त्या ड्रममध्ये कुणी थोडं कॉस्टिक (सोडा) ओतलं असतं, तर प्रकरण दोन दिवसांच्या नुकसानीवर भागलं नसतं. क्लोरोफॉर्म, अॅसिटोन आणि अल्कली एकत्र आले की मिश्रण भयंकर तापतं. ड्रम फुटल्याची उदाहरणं आहेत.

म्हणून प्रत्येक प्रॉडक्टच्या प्रत्येक स्टेजचं स्पेंट सॉल्व्हंट वेगळं. किमान एवढे प्रवाह तरी कधी मिसळू देऊ नका: एमडीसी, क्लोरोफॉर्म, ईडीसी, क्लोरोबेंझीन, आणि क्लोरीन नसलेलं सगळं. शेवटचा भाग महत्त्वाचा. चांगल्या टोल्यूइनच्या ड्रममध्ये दोन टक्के एमडीसी गेलं, तरी तो अख्खा ड्रम 'क्लोरीनवाला' होतो आणि त्याची विल्हेवाट महागते.

ड्रमला रंगीत पट्टी मारा. खडूचं लिखाण एका वळवाच्या सरीत जातं. लेबलवर प्रॉडक्ट, स्टेज, बॅच, तारीख, वजन. कायद्याचं लेबल म्हणजे फॉर्म ८, ते वेगळं लावायचंच. आणि ड्रम ९० टक्क्यांच्या वर भरू नका. उन्हाळ्यात ८५.

पायरी २: ओतण्याआधी तपासणी

लॅबमध्ये जायच्या आधी डोळ्यांनी बघा. पारदर्शक बाटलीत नमुना घ्या, पाच मिनिटं ठेवा. एमडीसीची घनता १.३३, म्हणून पाणी वर तरंगतं आणि सॉल्व्हंट खाली बसतं. पण त्यात मिथेनॉल किंवा टोल्यूइन भरपूर असेल तर थर उलटतात किंवा नाहीसेच होतात. नव्या पोरांनी 'खालचा थर आपला' म्हणून पाण्याचा थर स्टिलमध्ये (उकळायच्या भांड्यात) चढवल्याचं दोनदा झालंय. खात्रीसाठी सोपा उपाय: वरच्या थरात पाण्याचा एक थेंब टाका. विरघळला तर तो थर पाण्याचा. खाली घरंगळत गेला तर सॉल्व्हंटचा.

ड्रममध्ये क्लोरीन आहे की नाही हेच कळत नसेल, तर तांब्याच्या तारेची जुनी परीक्षा अजून कामाची आहे. तार ज्योतीत लाल करायची, गार झाल्यावर नमुन्यात बुडवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली म्हणजे क्लोरीन किंवा ब्रोमीन आहे. हे लॅबच्या फ्यूम हूडमध्ये, एका थेंबावर. प्लांटमध्ये नाही.

मग पीएच, घनता, कुठला घटक किती ते बघायला जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी), ओलाव्यासाठी केएफ (कार्ल फिशर चाचणी), आणि न उडणारा गाळ किती ते: १०० मिलिलीटर वॉटर बाथवर उडवून उरलेलं वजन. या पाच आकड्यांशिवाय चार्जिंगला (माल स्टिलमध्ये भरायला) सही करू नका.

काही ड्रम मात्र तपासणीआधीच बाजूला काढायचे असतात. ज्या स्टेजमध्ये सोडियम अझाईड वापरलंय तिथलं एमडीसी रिकव्हरीत घ्यायचंच नाही. अझाईड आणि एमडीसीतून डायअॅझिडोमिथेन होऊ शकतं, आणि ते स्फोटक आहे. अॅल्युमिनियम किंवा झिंकची भुकटी, सोडियम धातू, हायड्राईड यांचा अंश असलेला माल, तसंच ईथर मिसळलेला आणि महिनोन्महिने पडलेला माल हेही बाहेर. ईथरमध्ये पेरॉक्साईड साचतात. आणि अॅल्युमिनियम क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटशी क्रिया करतं, म्हणून त्याची बादली, नरसाळं किंवा पंपाचा भाग या लाइनवर कुठंही नको.

पायरी ३: धुणं

डिस्टिलेशननं सगळं निघतं हा गैरसमज आहे. समजा १००० किलो स्पेंट एमडीसीत ८२ टक्के एमडीसी, ८ टक्के मिथेनॉल, ४ टक्के पाणी, थोडं ट्रायइथिल अमीन आणि बाकी गाळ आहे. हे तसंच कॉलमवर घेतलं तर वर काय येईल? मिथेनॉल आणि एमडीसीचा अॅझिओट्रोप, ज्यात सुमारे ७ टक्के मिथेनॉल. कॉलम कितीही उंच असो. पाण्यात मात्र मिथेनॉल चटकन जातं आणि एमडीसी फार थोडं. म्हणून आधी धुवायचं.

क्रम असा. पहिलं धुणं २ ते ५ टक्के हायड्रोक्लोरिक अॅसिडनं, ग्लास लाइन (आतून काचेचं अस्तर असलेल्या) रिअॅक्टरमध्ये. स्टेनलेस स्टीलमध्ये नाही, क्लोराईडमुळे त्याला तडे जातात. अमीन क्षाराच्या रूपानं पाण्यात जातं. अमीन आत ठेवून एमडीसी तापवू नये, दोघं सावकाश एकमेकांशी क्रिया करतात. मग पाण्यानं दोन-तीनदा, दर वेळी २०० लीटरच्या आसपास, जीसीवर मिथेनॉल अर्ध्या टक्क्याखाली येईपर्यंत. शेवटी बायकार्बोनेटच्या फिक्या द्रावणानं, पीएच ७ च्या जवळ. या शेवटच्या धुण्यात कार्बन डायऑक्साईड निघतो, तेव्हा व्हेंट (वायू बाहेर जायचा पाईप) उघडा आहे ना ते आधी बघायचं आणि द्रावण हळू सोडायचं.

बायकार्बोनेटच का, कॉस्टिक का नाही? कॉस्टिक स्वस्त आहे म्हणून हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. क्लोरोफॉर्मवर कडक कॉस्टिक गेलं की तो फुटतो आणि उष्णता निघते. ट्रायक्लोरोइथिलीनवर गेलं तर डायक्लोरोअॅसिटिलीन होतं, जे हवेत आपोआप पेटतं. सवय एकच असू दे: क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटला कॉस्टिक नाही.

अजिटेटर (ढवळायचा पंखा) जोरात फिरवला की लोण्यासारखा मधला थर तयार होतो आणि तासन्तास बसत नाही. हळू फिरवा, दोन-चार टक्के मीठ टाका, अर्धा तास थांबा. तरीही मधला थर राहिला तर तो वेगळा काढून पुढच्या बॅचला द्या. घाईनं सॉल्व्हंटबरोबर खाली सोडू नका.

पायरी ४: डिस्टिलेशन

इथं सोलापूर आडवं येतं.

एमडीसीची बाष्पीभवनाची उष्णता पाण्याच्या सातव्या हिस्स्याएवढी. तापवणं सोपं, थंड करणं अवघड. म्हणून जॅकेटमध्ये (स्टिलभोवतीच्या कवचात) स्टीम सोडू नका. ५५ ते ६० अंशांचं गरम पाणी फिरवा. स्टीमनं भिंतीवरचा गाळ करपतो, त्यातून हायड्रोक्लोरिक अॅसिड सुटतं, ते कंडेन्सर (वाफ गार करून द्रव करणारा भाग) खातं आणि डिस्टिलेट, म्हणजे गार होऊन हाती आलेला माल, आंबट येतो. आंबट डिस्टिलेट आलं की शंभरातल्या नव्वद वेळा जॅकेट फार तापलेलं असतं.

कंडेन्सर दोन हवेत. पहिला कूलिंग टॉवरच्या पाण्यावर. सोलापूरची हवा कोरडी असल्यानं भर उन्हाळ्यातही टॉवरचं पाणी तिशीच्या जवळपास मिळतं, त्यानं बरंचसं एमडीसी बसतं. पण बाहेर जाणाऱ्या हवेचा हिशेब करा. ३० अंशांना एमडीसीचा बाष्पदाब सुमारे ५३० मिलिमीटर. आपला हवेचा दाब ७२०. म्हणजे त्या कंडेन्सरच्या व्हेंटमधून जे बाहेर पडतं त्यात आकारमानानं जवळपास तीन-चतुर्थांश एमडीसीच असतं. उणे १० वर ते १२ टक्क्यांवर येतं. म्हणून दुसरा कंडेन्सर उणे १० ते उणे १५ च्या ब्राइनवर (न गोठणाऱ्या खारट पाण्यावर), आणि रिसीव्हरचा (माल जमा होणाऱ्या टाकीचा) व्हेंटसुद्धा त्यातूनच. बऱ्याच ठिकाणी मुख्य कंडेन्सर थाटात असतो आणि रिसीव्हरचा व्हेंट सरळ छतावर सोडलेला असतो. 'आमची रिकव्हरी ८० च्या वर जातच नाही' म्हणणाऱ्यांनी आधी छतावर जाऊन तो पाईप बघावा.

बोअरचं जड पाणी टॉवरला वापरत असाल तर नळ्यांत खडीचा थर बसतो आणि मार्चमध्ये चाललेला कंडेन्सर मे महिन्यात कमी पडतो. मऊ केलेलं पाणी द्या, उन्हाळ्याआधी एकदा डिस्केलिंग करा.

आता प्रत्यक्ष बॅच. स्टिल ७० टक्क्यांपर्यंतच भरायचा. नायट्रोजन मारून हवा काढायची. ब्राइन आधी, गरम पाणी नंतर. ब्राइनचा पंप किंवा चिलर बंद पडला तर गरम पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल असा इंटरलॉक बसवा. वीज गेली की चिलर थांबतो, पण जॅकेटमधलं पाणी गरमच राहतं. या मधल्या वेळात वाफ सुटते.

उकळी आली की अर्धा तास टोटल रिफ्लक्स, म्हणजे वर आलेलं सगळं परत खाली. वरचा थर्मामीटर ३६-३७ वर थांबेल. हा एमडीसी आणि पाण्याचा अॅझिओट्रोप. मग डिकँटरमध्ये (थर वेगळे करायच्या भांड्यात) घ्यायला सुरुवात. साईट ग्लासमध्ये बघा: पहिली धार दुधाळ असते, ताकाच्या निवळीसारखी. डिकँटरमध्ये ती दोन थरांत फुटते. वरचं थोडं पाणी काढून टाकायचं, खालचं एमडीसी कॉलममध्ये परत. एमडीसी स्वतःलाच असं वाळवतं, वेगळं काही घालावं लागत नाही. हळूहळू धार निवळते, आणि एका क्षणी काचेत काही वाहतंय की नाही हेच कळेनासं होतं, इतकी स्वच्छ होते. तापमान ३८ वर स्थिर झालेलं असतं. तिथून मेन कट, म्हणजे मुख्य शुद्ध माल.

रिफ्लक्स एकास एक पुरतो, मालात जवळच्या तापमानाला उकळणारा दुसरा घटक असेल तर दोनास एक. वरचं तापमान ४० कडे सरकायला लागलं की मेन कट बंद. पुढचं टेल कट म्हणून वेगळ्या ड्रममध्ये, पुढच्या बॅचला. तळाचं तापमान ६० च्या जवळ आलं किंवा तळात १०-१५ टक्के उरलं की थांबा. 'अजून वीस किलो निघेल' म्हणून कोरडं करू नका. तळातल्या त्या काळ्या चिकट मालाची उष्णतेला तोंड द्यायची क्षमता लॅबनं तपासलेली नसेल, तर तो कधी सडेल आणि किती वायू सोडेल याचा नेम नाही.

औषधाच्या स्टेजला ओलावा ५०० पीपीएमच्या (दहा लाखांत ५०० भागांच्या) खाली लागत असेल तर शेवटी ३-ए मॉलिक्युलर सीव्हच्या (पाणी शोषणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या मण्यांच्या) कॉलममधून सोडा. ४-ए घेऊ नका, तो एमडीसीही शोषतो.

क्लोरोफॉर्मचा एक वेगळा धडा. बाजारातल्या क्लोरोफॉर्ममध्ये अर्धा ते एक टक्का इथेनॉल स्टॅबिलायझर म्हणून घातलेलं असतं. आपल्या धुण्यात ते पाण्याबरोबर निघून जातं. इथेनॉलशिवाय क्लोरोफॉर्म उजेडात, हवेत ठेवलं तर त्यात फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. म्हणून डिस्टिल झाल्या झाल्या इथेनॉल परत घालायचं आणि माल अंधारात ठेवायचा. ईडीसी ८३.५ ला उकळतं, पण त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते) १३ अंश, म्हणजे आपल्याकडे थंडीच्या दुपारीही ते पेटतं. फ्लेमप्रूफ मोटर, अर्थिंग, नायट्रोजन हे तिथं हवंच. क्लोरोबेंझीन एकटं १३२ ला उकळतं, पण पाण्याबरोबर ९० च्या आसपासच वर येतं. त्यामुळे डांबरासारख्या गाळात अडकलेलं क्लोरोबेंझीन लाइव्ह स्टीमनं (थेट मालात सोडलेल्या वाफेनं) सुंदर सुटतं. गार झालं की खाली क्लोरोबेंझीन, वर पाणी.

पायरी ५: पाण्यात गेलेलं एमडीसी

हे सगळ्यात दुर्लक्षित. पाण्यात एमडीसी दीड टक्क्याच्या आसपास विरघळतं. दिवसाला ४००० लीटर धुण्याचं पाणी ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया प्लांटला) जात असेल तर दीड टक्क्यानं ६० किलो एमडीसी गेलं. महिन्याच्या २५ दिवसांचे दीड टन. याला तुमचा खरेदीचा भाव लावून बघा. शिवाय ते ईटीपीच्या जिवाणूंना मारतं आणि एरेशन टँकमधून हवेत उडतं ते वेगळंच.

पाणी साध्या स्ट्रिपरमध्ये (तापवून सॉल्व्हंट उडवून काढायच्या भांड्यात) ७०-८० अंशांपर्यंत न्या, वाफ ब्राइन कंडेन्सरवर घ्या. एमडीसी पहिल्या काही टक्क्यांतच निघून येतं. अॅसिडच्या धुण्यातून ट्रायइथिल अमीनही परत मिळतं: आधी एमडीसी पूर्ण स्ट्रिप करायचं, मग पाणी गार करून कॉस्टिक. अमीन वर तरंगतं. क्रम उलटा केला तर कॉस्टिक, अमीन आणि एमडीसी एकाच भांड्यात येतील. ते नको.

पायरी ६: परत वापरायचं कुठं

ज्या प्रॉडक्टच्या ज्या स्टेजमधून आलं, त्याच स्टेजला. हा नियम आळस म्हणून मोडला जातो. २०१८ साली व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे नायट्रोसअमीन (कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी) सापडलं आणि जगभर औषधं परत बोलवावी लागली. पुढच्या तपासात रिकव्हर्ड सॉल्व्हंट हा नायट्रोसअमीनच्या शिरकावाचा एक मार्ग असल्याचं पुढं आलं. तेव्हापासून ऑडिटर पहिला प्रश्न हाच विचारतो: हे सॉल्व्हंट कुठून आलं, कुठं गेलं? बॅचच्या वहीत उत्तर असलं पाहिजे.

औषधात उरलेल्या सॉल्व्हंटची मर्यादाही लक्षात असू दे. एमडीसी ६०० पीपीएम, क्लोरोबेंझीन ३६०, क्लोरोफॉर्म ६०, ईडीसी फक्त ५. म्हणून एमडीसीच्या रिसीव्हरमध्ये आदल्या दिवशीचं ईडीसी थोडं राहिलं तर ते 'थोडं' नसतं.

रिकव्हर्ड मालाला वेगळं स्पेसिफिकेशन ठेवा: जीसी शुद्धता, केएफ, आम्लता, न उडणारा गाळ, रंग. फ्रेश माल किती मिसळायचा आणि किती फेऱ्यांनंतर माल बाद करायचा हे आधीच लिहून ठेवा.

वरच्या १००० किलोच्या उदाहरणाचा हिशेब: आत ८२० किलो एमडीसी. गाळात २५, धुण्याच्या पाण्यात ९-१० (स्ट्रिप केलं तर बरंच परत), व्हेंट आणि सांडलवंड मिळून १५. हाती ७७० च्या आसपास, म्हणजे ९४ टक्के. ब्राइन नसेल तर हाच आकडा कुठल्या कुठं घसरतो.

वायूचं काय

थायोनिल क्लोराईड वापरणारे ऐका. अॅसिड क्लोराईड करताना ११९ किलो थायोनिल क्लोराईडमधून ३६.५ किलो हायड्रोक्लोरिक वायू आणि ६४ किलो सल्फर डायऑक्साईड निघतो. दोन्ही एकाच कॉस्टिक स्क्रबरमध्ये (वायू धुवायच्या मनोऱ्यात) कोंबले की हाती खारट सांडपाणी येतं आणि कॉस्टिकचं बिल. वेगळे केले तर दोन माल मिळतात. हायड्रोक्लोरिक वायू पाण्यात हावरटासारखा विरघळतो, सल्फर डायऑक्साईड मानानं कमी. म्हणून आधी ग्रॅफाइटचा फॉलिंग फिल्म अॅब्सॉर्बर (नळ्यांच्या भिंतीवरून द्रवाचा पातळ पडदा ओघळतो, त्यात वायू विरघळतो), त्यात पाणी. तिथं ३० टक्क्यांचं अॅसिड होतं, वरच्या आकड्यावरून साधारण १२० किलो. मागे कॉस्टिक, तिथं सोडियम सल्फाईट. अॅब्सॉर्बर गार ठेवलाच पाहिजे: एक किलो वायू विरघळताना जवळजवळ एक किलो पाण्याची वाफ होईल एवढी उष्णता सुटते.

हे अॅसिड पायरी ३ च्या धुण्याला, ईटीपीत पीएच खाली आणायला वापरा. बाहेर द्यायचं असेल तर २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांतल्या नियम ९ खाली घेणाऱ्याची परवानगी हवी. बाथरूम अॅसिडच्या बाटल्या भरणाऱ्याला कॅन देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. फ्रीडेल-क्राफ्ट्स क्रियेतून निघणारं अॅल्युमिनियम क्लोराईडचं पाणीही सॉल्व्हंट पूर्ण स्ट्रिप केल्यावर पॉली अॅल्युमिनियम क्लोराईड करणाऱ्या अधिकृत युनिटला जाऊ शकतं, फक्त सांडपाण्याच्या प्रक्रियेसाठी. पिण्याच्या पाण्यासाठी नाही.

क्लोरीनचा व्हेंट कॉस्टिकमध्ये घेऊन हायपो (सोडियम हायपोक्लोराईट) करत असाल तर ती टाकी आणि हायड्रोक्लोरिकची टाकी यांच्यात भिंत असू दे, आणि एकच होज दोन्हीकडे फिरवू नका. दोन्ही भेटले की क्लोरीन परत बाहेर.

माणसं

एमडीसीचा वास यायला लागतो तोवर हवेतलं प्रमाण ५० पीपीएमच्या मर्यादेच्या बरंच वर गेलेलं असतं. शरीरात त्याचं कार्बन मोनॉक्साईड होतं. पाळीच्या शेवटी डोकं जड झालंय, मळमळतंय असं कुणी म्हणालं तर 'ऊन लागलं' म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे हे हमखास होतं. वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड, म्हणून पंपाच्या खड्ड्यात, डाइकमध्ये (टाकीभोवतीच्या बांधात), टाकीच्या तळाशी साचते. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क एमडीसी फार वेळ धरत नाही, टाकीत उतरायचं तर बाहेरून हवा देणारा मास्क, परमिट, दोरी आणि वर एक माणूस. निळे नायट्राईलचे हातमोजे काही मिनिटांत आरपार होतात, लॅमिनेटचे किंवा पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) घ्या. पीव्हीए पाण्यात विरघळतो, धुण्याच्या कामाला तो नको.

आणि वेल्डिंग. एमडीसी सहज पेटत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण त्याची वाफ वेल्डिंगच्या ठिणगीवर, गॅस कटरवर किंवा पेटत्या बिडीवर गेली तरी फॉस्जीन होतं. नुकत्याच कापलेल्या गवतासारखा वास येतो, कधी तोही जाणवत नाही, आणि फुप्फुसात पाणी भरायला काही तासांनी सुरुवात होते. माणूस घरी पोचलेला असतो. संशय आला तर ठीक वाटत असलं तरी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला 'फॉस्जीन' हा शब्द सांगा.

गाळ, कागद आणि रिकामे ड्रम

तळाचा गाळ म्हणजे डिस्टिलेशन रेसिड्यू, २०१६ च्या त्याच नियमांच्या अनुसूची १ मध्ये त्याची श्रेणी २०.३ किंवा ३६.१. वापरलेला कार्बन ३६.२. औषधनिर्मितीतलं स्पेंट सॉल्व्हंट २८.६. साठवण ९० दिवसांपर्यंत. रोजची नोंद फॉर्म ३, गाडीबरोबर फॉर्म ९ चं ट्रेम कार्ड (वाटेत अपघात झाला तर काय करायचं ते) आणि फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (माल कुणाकडून कुणाकडे गेला ते), वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत.

होटगीकडे सिमेंटचे कारखाने आहेत, तिथं का देत नाही असं मालक विचारतात. तिथं बाहेरून आलेलं क्लिंकर (सिमेंटचे भाजलेले खडे) दळतात, भट्टी नाही. आणि भट्टी असलेले कारखानेही क्लोरीन जास्त असलेला गाळ घ्यायला कुरकुरतात, क्लोराईडनं प्रीहीटरमध्ये थर साचतात. आपल्या भागातून हा माल रांजणगावच्या धोकादायक कचऱ्याच्या सामायिक सुविधेकडे पाठवायचा रस्ता आहे. तिथल्यासारख्या इन्सिनरेटरला दुसऱ्या चेंबरमध्ये ११०० अंश आणि किमान दोन सेकंद एवढा वेळ पाळावा लागतो, म्हणजे डायॉक्सिन (क्लोरीनवालं जाळताना होणारी अत्यंत विषारी संयुगं) कमीत कमी राहतात. बॉयलरच्या भट्टीत लाकडाबरोबर गाळ जाळणाऱ्याला हे दोन आकडे दाखवा.

रिकाम्या ड्रमची श्रेणी ३३.१. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे निळ्या ड्रमला भंगारवाल्याकडे जेवढा भाव, तेवढाच गल्लीतही. आमच्या एका ऑपरेटरनं बहिणीच्या घरी पाणी भरायला एक मागितला होता. "तीन वेळा धुतो की साहेब, सर्फनं." प्लॅस्टिकच्या भिंतीत शिरलेलं सॉल्व्हंट सर्फनं निघत नाही, महिनाभर पाण्यात उतरत राहतं. त्याला शनिवारी बाजारातून नवा ड्रम घेऊन दिला. तेव्हापासून रिकामा ड्रम धुवून झाला की गेटबाहेर जायच्या आधी टिकावानं तळाला भोक पाडायचं, लोखंडी असो की प्लॅस्टिकचा. गॅस कटर वापरायचा नाही. भोक पाडल्याची सही स्टोअरच्या वहीत, आणि मगच ड्रम अधिकृत ड्रमवाल्याच्या गाडीत.